दहा मिनिटं आपली

आम्ही मांजरीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. भाकरी थापत असाल, भाजी निवडत असाल, तर हात चालू राहू द्या. फक्त कान इकडे द्या.

आमची मांजरी 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. आमच्यातल्या कुणी अजून शेतात जातात, कुणी कंपनीत, कुणी सोसायट्यांमध्ये घरकामाला. आणि प्रत्येकीजवळ मोबाईल. पाण्याचा टँकर आला की मेसेज, शाळेचा मेसेज, हप्त्याची आठवण, माहेरचे फोटो. ‘मोबाईल बंद करा’ म्हणणं सोपं आहे, पण टँकर चुकला तर घागर कोण भरणार? म्हणून आम्ही मोबाईलला नावं ठेवायला आलेलो नाही. आम्हाला एवढंच विचारायचंय, की दिवसभरात आपण स्वतःशी कधी बोलतो?

तुकोबाराय देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसायचे. बाईला कुठला डोंगर? तिच्या वाट्याला जातं होतं. पहाटे घर झोपलेलं असायचं, हात खुंट्याला, आणि मनातलं सगळं ओवीत यायचं. माहेर, सासर, लेकीची काळजी, नवऱ्याचा राग. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्यात राहून अशा ओव्या गोळा करण्याचं मोठं काम उभं केलं. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. म्हणजे बघा, आपल्या आज्या-पणज्यांनी स्वतःशी किती बोलून ठेवलंय!

जातं परत आणा असं आम्ही म्हणत नाही. आमच्या आज्यांचे खांदे भरून यायचे. गिरणी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण दळणाचे कष्ट गेले, तशी ती पहाटही गेली. आता डोळा उघडला की आधी हात मोबाईलकडे जातो.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. लॉकडाऊनमध्ये मुलांना मोबाईलची सवय लागली, ती सुटेना. 2022 मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास बायकांच्या सभेत गावानं ठरवलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे. आशाताई, अंगणवाडी सेविका दारोदार समजवायला गेल्या. त्यातून आम्ही एक गोष्ट घेतली. एकटीनं ठरवलं तर घर ऐकत नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर ऐकतं.

पण एक शंकाही आली. सात ते साडेआठ ही आपली स्वयंपाकाची वेळ. मुलं अभ्यास करतील, घर शांत होईल, आणि आपण? आपण चुलीपुढेच. घर शांत झालं म्हणजे बाईला निवांतपणा मिळाला असं नाही. तो वेगळा मागावा लागतो.

म्हणून आम्ही तो बैठकीतच मागून घेतला. बैठक सुरू होताना सगळ्यांचे मोबाईल दुरडीत, वर फडकं, आणि दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. पहिल्या बैठकीत तीन मिनिटांत दुरडी वाजायला लागली. एक हसली, मग सगळ्याच हसल्या. झालं, संपलं.

दुसऱ्या बैठकीत आमच्या एक ताई रडायला लागल्या. आम्ही घाबरलो. कुणी पाणी आणलं, कुणी ‘रडू नको गं’ म्हणून पाठीवर हात फिरवला, आणि आम्ही घाईघाईनं हप्त्यांचा विषय काढला. नंतर ताई म्हणाल्या, “रडू द्यायचं होतं की मला. आई जाऊन सहा महिने झाले. आधी पाहुणे होते, मग काम. रडायला सवडच मिळाली नाही.”

आम्ही चुकलो होतो. शांतता भरून काढायची आम्हालाच घाई झाली होती. आता कुणी रडलं तर शेजारची नुसती जवळ बसते. दहा मिनिटं झाली की एकदाच विचारते, “बोलायचंय का?” नाही म्हणाली तर नाही. मात्र झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, असं कुणी सांगितलं, तर तिथे नुसतं जवळ बसून भागत नाही. 14416 हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या नोंदवहीच्या पहिल्याच पानावर तो लिहून ठेवलाय.

दुसऱ्या एकींनी त्या दहा मिनिटांनंतर आपला कर्जाचा अर्ज मागे घेतला. म्हणाल्या, “पैसे दिराला हवेत, फेडायचे मला. हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.” ध्यानात आलं नव्हतं, कारण विचार करायला जागाच नव्हती.

तुम्हीही करून बघा. घरी वेळ एकच ठरवा आणि घरात सांगून टाका, की या दहा मिनिटांत ‘आई’ म्हणून हाक मारायची नाही. टँकरची वेळ असेल तर मोबाईल लेकीकडे द्या. अंगण, गच्ची, पायरी, कुठंही बसा. मंत्र नको, मांडी नको. मनाला तीनच गोष्टी विचारा. आज कशाचा राग आला? कशानं बरं वाटलं? कुणाला काय सांगायचं राहिलंय? उत्तर नाही आलं तरी चालेल. आणि गटात ठरलं तर इतिवृत्तात लिहा. लिहिलेलं मोडायला जरा जड जातं.

आमचं बोलणं संपलं. आता रेडिओ बंद करा, आणि लगेच दुसरं काही लावू नका. दहा मिनिटं तशीच राहू द्या. नमस्कार.