पहिलेपणाच्या गावात एक दिवस
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला परदेशातल्या अनुभवांवर बोलायला सांगितले. सगळे सांगत बसलो तर आरतीची वेळ होईल, म्हणून एकाच दिवसाचे सांगतो. अमेरिकेत शिकत असताना सुट्टीत आम्ही अकरा विद्यार्थी कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिक देशात, सांतो दोमिंगो या राजधानीत गेलो होतो. अकरांपैकी गोव्याचे आम्ही तिघे. जुने गोवे पाहत वाढलेल्यांना तिथे आणखी काय नवल दिसणार, असे जाताना वाटत होते.

कोलंबसचा भाऊ बार्तोलोमे याने हे गाव ओसामा नदीच्या पूर्व काठी वसवले. १५०२ च्या वादळात ते मोडले, तेव्हा गव्हर्नर निकोलास दे ओवांदोने ते पश्चिम काठावर नव्याने आखले. दोरी लावल्यासारखे सरळ रस्ते, मध्ये चौक, चौकाला लागून कॅथेड्रल. पुढे स्पेनने अमेरिका खंडात वसवलेल्या असंख्य गावांत हाच आराखडा दिसतो. गावाला ‘पहिले’ या शब्दाचा भारी अभिमान. युरोपीयांनी त्या खंडात बांधलेले पहिले कॅथेड्रल, पहिले इस्पितळ, पहिला फरसबंद रस्ता. या रस्त्याचे नाव काये लास दामास, म्हणजे मानकरणींची गल्ली. कोलंबसची सून मारिया दे तोलेदो हिच्यासोबत स्पेनहून आलेल्या कुलीन स्त्रियांवरून ते पडले. प्रवाळयुक्त दगडाच्या भिंती, लाकडी सज्जे, नदीकडून येणारा वारा. सुंदर आहे, यात शंका नाही. किल्ला आणि कोलंबसच्या मुलाचा वाडा आम्ही भराभर पाहिला. असे वाडे फोटोंतही कळतात.

थांबलो ते कॅथेड्रलसमोरच्या चौकात. तिथे कोलंबसचा ब्राँझचा पुतळा आहे आणि चौथऱ्याला बिलगून वर चढणारी एक आदिवासी स्त्री त्याच्या गौरवाचा मजकूर लिहिते आहे. ती म्हणजे आनाकाओना, असे तिथे सांगतात. ही त्या बेटावरच्या ताईनो लोकांची राणी आणि कवयित्री. ओवांदो तिच्या मुलखात पाहुणा म्हणून आला. त्याच्या स्वागताला जमलेल्या सरदारांना त्याच्या माणसांनी घरात कोंडून जाळले आणि नंतर तिला फाशी दिली. आणि वाड्यापुढच्या मोठ्या चौकात पुतळा कोणाचा? ओवांदोचा! फाशी देणारा ताठ उभा आणि फाशी गेलेली कोलंबसची स्तुती लिहितेय. बरोबरच्या मुलांना आम्ही जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीबद्दल सांगितले. तिच्यावरही एका स्त्रीमूर्तीच्या पायाखाली इथला माणूस आडवा पडलेला आहे. आपण किती वेळा त्या कमानीखालून गेलो असू!

दुपारी जेवताना कासावे नावाची पातळ, कडक भाकरी पुढे आली. कसावाच्या कंदाची, मूळ ताईनोंची. आपला साबुदाणा याच कंदाचा. ‘बताता’ हा शब्दही ताईनोंचाच. त्यांच्याकडे तो रताळ्याचा. पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि बटाट्याला चिकटला. म्हणजे आपल्या आज्यांच्या उपासाच्या ताटाला त्या बेटाचा हातभार आहे! ते ऐकून आमच्यातली एक गमतीने म्हणाली, आजीला सांगितले तर ती उपास मोडला म्हणेल. हसलो खरे, पण शब्द इतका लांबवर पोहोचला आणि तो बोलणारे लोक मात्र सक्तमजुरीने, उपासमारीने, १५१८ नंतरच्या देवीच्या साथीने बहुतेक संपले, हे डोक्यातून जाईना.

उन्हे उतरल्यावर समुद्राकाठी गेलो. तिथे आंतोनियो दे मोंतेसिनोसचा सुमारे पंधरा मीटर उंच पुतळा आहे, मेक्सिकोने भेट दिलेला. तोंडाशी हात धरून तो ओरडतो आहे. हा स्पेनचाच डोमिनिकन धर्मगुरू. डिसेंबर १५११ मध्ये, प्रत्यक्ष गव्हर्नर समोर बसलेला असताना, त्याने प्रवचनात विचारले की या लोकांना तुम्ही कोणत्या अधिकाराने राबवता, ही माणसे नाहीत काय? श्रीमंत मंडळी खवळली, मठाच्या प्रमुखाकडे गेली, शब्द मागे घ्यायला लावा म्हणाली. पुढच्या रविवारी तो पुन्हा उभा राहिला आणि अधिकच कडक बोलला. प्रकरण राजापर्यंत गेले. १५१२ मध्ये बुर्गोसचे कायदे झाले, पण ते फारसे पाळले गेले नाहीत. हे सारे आपल्याला कळते ते बार्तोलोमे दे लास कासासने लिहून ठेवले म्हणून. प्रवचन झाले त्या काळात तो स्वतःही ताईनोंना राबवून घेत होता. वेठीचे हे हक्क त्याने पुढे सोडले.

पुतळ्याच्या पायथ्याशी बसून आम्ही बराच वाद घातला. काहींचे म्हणणे, आनाकाओनाला चौथऱ्यावरून उतरवावे. आमचे तिघांचे मत पडले की पुतळा तसाच राहावा, पण ती कोण होती आणि तिला कोणी मारले हे तिथेच ठळक अक्षरांत लिहावे. कमानीबद्दलही आमचे तेच मत आहे. इथे बसलेल्या ज्येष्ठांना ते पटेलच असे नाही; प्रसादानंतर आम्ही थांबणार आहोत, जरूर भांडा.