99.95 टक्केवाल्यांना

उपरणं सावरत फोटोसाठी ताटकळलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

भाषण आटोपशीर ठेवा, असं प्राचार्यांनी बजावलंय. मागच्या रांगेतले पालक घड्याळाकडे बघताहेत, हेही मला इथून दिसतंय. आपल्या जुन्नर तालुक्यात अंधार पडायच्या आत घर गाठावं लागतं, उसातून बिबट्या कधी बाहेर येईल याचा नेम नाही. तेव्हा ‘तुम्ही देशाचं भवितव्य आहात’ हा भाग मी वगळतो. तो तुम्ही ऐकलेला आहे. मला फक्त तुमच्या वर्गाबद्दल बोलायचंय.

16 जुलै 2021 आठवतोय? दहावीचा निकाल. बोर्डाची वेबसाइट जी बसली ती तासन्‌तास उठेना. सगळ्या घरात एकच चालू फोन, त्यावर बाप-लेक-मामा सगळे वाकलेले. राज्याचा निकाल लागला 99.95 टक्के. आणि पेपर? एकही झालेला नव्हता. परीक्षा रद्द झाल्याचं 20 एप्रिललाच जाहीर झालं होतं. मग सूत्र निघालं: नववीच्या निकालाला 50 गुण, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाला 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठाला 20. आता यातली मेख बघा. ज्या नववीवर निम्मे गुण टांगले, त्या नववीची वार्षिक परीक्षाही लॉकडाऊनमुळे रद्दच झालेली होती. म्हणजे 2019 च्या दिवाळीआधी सहामाहीला कुणाला ताप भरला असेल, तर तो ताप दोन वर्षांनी थेट बोर्डाच्या गुणपत्रिकेत उतरला.

पुढे अकरावीच्या प्रवेशासाठी 21 ऑगस्टला सीईटी होणार म्हणून गाजली आणि 10 ऑगस्टला उच्च न्यायालयानं ती रद्द केली. निम्म्या मुलांनी देवाला नारळ फोडला, अभ्यास केलेल्या निम्म्यांनी शिव्या घातल्या. त्या शिव्या मला रास्त वाटल्या होत्या.

तेव्हापासून तुमच्यावर एक शिक्का बसला. ढकलपास. कोविड बॅच. लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीला बसलेला कुठलाही पाहुणा विचारायचा, ‘दहावी कधीची? एकवीसची? मग काय, फुकटात!’ आणि तुम्ही खाली मान घालून जिलेबी खायचात. आज पदवी घेऊन घरी जाल, तेव्हा त्या पाहुण्याला सांगायला थोडा हिशेब देतो. तुमची पहिली बोर्डाची परीक्षा झाली ती फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये, बारावीला. कपात केलेला अभ्यासक्रम नव्हता, पूर्ण होता. त्या वर्षी राज्याचा निकाल लागला 91.25 टक्के. आणि कोविड यायच्या तोंडावर, सगळं सुरळीत असताना ज्यांनी बारावीचे पेपर दिले, त्या 2020 च्या मुलांचा निकाल होता 90.66. म्हणजे पंगतीतला पाहुणा हसला तो 99.95 पाहून. 91.25 कडे त्याचं लक्षच गेलं नाही.

अर्थात निकालाच्या टक्क्यांवर मी फार विसंबत नाही. आम्ही शिक्षक मंडळी हे टक्के कसे वाढतात ते चांगलं जाणतो. नुकसान झालंच होतं, आणि ते आम्हाला प्रयोगशाळेत दिसलं. ज्यांनी दहावीला एकही प्रयोग हातानं केला नव्हता, ती मुलं ब्युरेटसमोर उभी राहिली तेव्हा काचेच्या नळीला हात लावायलाच घाबरत होती. कुणी नळ उजव्या हातानं धरून फ्लास्क डाव्या हातानं ढवळायचा आणि आम्ल ओट्यावर. ब्युरेटच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला, तो न काढताच रीडिंग. तीन वेळा टायट्रेशन करायचं तर एकदाच करून वहीत तिन्ही आकडे सारखेच लिहिलेले. ही कला मात्र प्रत्येक बॅच उपजतच घेऊन येते, तिचा कोविडशी संबंध नाही.

लिहिण्याचंही तेच. फोनवर पेपर सोडवलेल्या बोटांना तीन तास पेन धरवेना. पहिल्या सहामाहीत दीड तासानंतर वर्गात मनगटं झटकल्याचे आवाज ऐकू यायचे. पर्यवेक्षक म्हणून फिरताना मी ते ऐकलेत.

हे भरून कुणी काढलं? आम्ही जादा तास घेतले, ते खरं आहे, पण मनापासून सांगायचं तर त्या तासांनी फारसं काही झालं नाही. प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर तुमच्यातलीच एक मुलगी शेजारच्या मुलाला शिकवत होती. ‘डावा हात मागून घे नळाला. उजव्या हातात फ्लास्क. आता थेंब थेंब. थांब! गुलाबी झालं ना? हलव. गेला रंग? मग अजून एक थेंब.’ फिनॉल्फ्थॅलीनचा तो फिका गुलाबी रंग टिकला तेव्हा तो मुलगा इतक्यांदा ‘झालं, झालं’ म्हणाला, की बाकीच्या टेबलांवरून माना वळल्या. मी त्या टेबलाजवळ गेलोच नाही. माझी गरज नव्हती.

आणि हे सगळं केव्हा चाललं होतं, तेही लक्षात घ्या. 4 ऑक्टोबर 2021 ला वर्ग उघडले. तुम्ही अकरावीचे बेंच नीट पुसलेही नसतील, तोवर महिनाअखेरीस एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. आधी एसटी होती तेव्हा कॉलेज नव्हतं, आता कॉलेज होतं तर एसटी नाही! मढ गावाकडची मुलं, आदिवासी पट्ट्यातली मुलं यायची कशी? दुधाच्या गाडीत कॅनच्या मधे बसून. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो घेऊन निघालेल्या पिकअपमध्ये क्रेटवर टेकून. एका मोटारसायकलवर तिघं, ज्याबद्दल आज व्यासपीठावरून काही न बोललेलं बरं. त्याआधी ऑनलाइनच्या काळात रेंज यायची ती टेकाडावर, आणि टेकाडावरून दिवस मावळायच्या आत परतायचं, कारण पुन्हा तोच बिबट्या. संध्याकाळचा तास बुडाला की एकानं ऐकलेलं दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या कट्ट्यावर बसून चौघांना सांगायचं. एका फोनवर दोन घरांचे तास. रिचार्ज संपला की वर्गणी.

दुर्दैवाचं कौतुक करायला मला आवडत नाही. ती दोन वर्षं शाळेत, वर्गात, मैदानावर गेली असती तर जास्त बरं झालं असतं. तुम्हाला दहावीचा निरोप समारंभसुद्धा मिळाला नाही. पण ‘शिकणं म्हणजे एकमेकांना सांगणं’ हे तुमच्या वर्गाला जितकं कळलंय, तितकं ज्यांच्या वेळी सगळं वेळेवर झालं त्या वर्गांना कळलेलं मी पाहिलेलं नाही. तुमच्यात नोट्स लपवून ठेवणारा टॉपर नव्हता. असेल तर तो मला सापडला नाही.

आणखी एक योगायोग. आपल्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण 2024-25 पासून पहिल्या वर्षाला आलं. तुम्ही 2023 ला आलात. त्यामुळे जुन्या आराखड्यातली ही शेवटची तुकडी. कुणाचा एखादा विषय राहिला असेल, तर त्यानं आजच ऑफिसात जाऊन चौकशी करावी. मागून येणारी मुलं तो पेपर शिकणार नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून नोट्सही मिळणार नाहीत. हे मी हसत सांगतोय, पण गंभीरपणे घ्या.

आता ज्यासाठी मी खरं तर बोलायला उभा राहिलो ते सांगतो. दहावीला तुमच्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपच्या वर्गगटात होती, ती सगळी मुलं आज या मांडवात नाहीत. काहींचे वडील गेले आणि त्यांनी हॉटेलात, गॅरेजात, कांद्याच्या वखारीवर काम धरलं. काही मुलींची लग्नं झाली, त्यातल्या काहींची तर वय व्हायच्या आत. त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत, मी घेत नाही.

पण ज्या निकालावर सगळा गाव हसला, त्या 99.95 टक्क्यांनी एक काम करून ठेवलंय. त्या मुलांकडे दहावी पासची गुणपत्रिका आहे. ट्रंकेत असेल, फडताळात असेल, पण आहे. परीक्षा झाली असती आणि त्या धामधुमीत ती मुलं बसलीच नसती, तर ही गुणपत्रिकाही नसती. त्या गुणपत्रिकेवर फॉर्म नंबर 17 भरून बारावीला खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. कला-वाणिज्याची बारावी नोकरी करत, घर सांभाळत देणारे दरवर्षी कितीतरी असतात. आणि बारावी झाली की नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. 1989 पासून ते अशांसाठीच चालू आहे.

ही माहिती मी किंवा प्राचार्य त्यांच्या दारात जाऊन सांगू शकत नाही. आमचं ते ऐकणार नाहीत, दबून जातील. तुमचं ऐकतील, कारण गोठ्याच्या कट्ट्यावर तुम्ही एकत्र बसलेले आहात. तेव्हा आज रात्री आपापल्या पदवीचे फोटो स्टेटसला टाकण्याआधी प्रत्येकानं एक फोन करा. जो वर्गातून गळाला त्याला, जिचं लग्न झालं तिला. लागलं तर तिच्या सासूशी बोला, नवऱ्याशी बोला. फॉर्मची नोंदणी साधारण पावसाळ्यात सुरू होते. आपल्या ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात चौकशी करा, कागद मी स्वतः भरून देईन. रोज सकाळी अकराला ग्रंथालयात मला भेटायला या, मी तिथं बसलेला असतो.