कोणता चमचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे विषय ऐकून मी आधी घाबरलेच. विषय असा की, कामाची रीत लिहून सांगण्याची ज्यांना हौस आहे अशा मुलींना तयार कसे करावे. यंत्र कसे चालवावे, औषध कसे द्यावे, पदार्थ कसा करावा, हे दुसऱ्याला नुसते वाचून करता येईल असे लिहिणे ही आता एक स्वतंत्र नोकरी झाली आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत असे काम करणाऱ्यांना टेक्निकल रायटर म्हणतात. त्यावर माझ्यासारखीने काय बोलावे? परंतु गेली काही वर्षे दर गुरुवारी दुपारी दोन-तीन मुली माझ्या स्वयंपाकघरात वही-पेन्सिल घेऊन बसतात, हे आपणांपैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. तेव्हा जे हातून घडले आणि जे चुकले, तेवढेच सांगते.

चुकीपासूनच आरंभ करते. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. पूर ओसरला, पण घरोघर चिखल, पाणी गढूळ, आणि लहान मुलांना जुलाब होतील ही धास्ती. मीठ-साखरेच्या पाण्याची कृती छापून घरोघर वाटावी असे ठरले. माझे अक्षर बरे, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी लिहिले : 'एक लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ व सहा चमचे साखर विरघळवून मुलास थोडे थोडे पाजावे.' प्रमाण बरोबर होते, शुद्धलेखन बरोबर होते. सर्वांनी वाखाणणी केली आणि मीही फुशारले.

दोन दिवसांनी पलीकडच्या गल्लीतल्या एक आजी तो कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आक्का, कंचा चमचा म्हनायचा ह्यो?" त्यांच्या सुनेने पोहे खायचा मोठा चमचा घेतला होता, तोही शीग लावून. आजींनी पाणी आधी स्वतःच्या जिभेला लावून पाहिले. "समुद्र झालता नुस्ता," म्हणाल्या, आणि ओतून दिले. नातवाच्या पोटात गेले नाही, ही आईची कृपा. जुलाबाने दमलेल्या लेकराच्या पोटात जादा मीठ जाणे किती वाईट, हे डॉक्टरांनी नंतर मला समजावले. त्या रात्री मला झोप लागली नाही. सून शिकलेली होती, तिने कागद नीट वाचला होता. चूक तिची नव्हतीच. माझ्या डोळ्यांपुढे माझा चमचा होता, तिच्या हातात तिचा.

मग दुसरा कागद लिहिला. चहाचा लहान चमचा घ्यावा. सुरीच्या पाठीने सपाट करून अर्धा चमचा मीठ आणि सपाट सहा चमचे साखर. पाणी उकळून गार केलेले, एक लिटरच्या बाटलीने मोजून. पाजण्यापूर्वी चाखावे, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ओतून देऊन पुन्हा करावे. चोवीस तासांनंतर उरलेले टाकावे. मूल मरगळले, पाणी पोटात ठरेना, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा. हा कागद छापण्याआधी मी त्याच आजींच्या सुनेला वाचायला दिला आणि तिने केलेले पाणी स्वतः प्याले.

पुढे कळले की, बांगलादेशात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झाले होते. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या बायकांनी दारोदार जाऊन सव्वा कोटीच्या आसपास घरांत हे पाणी करायला शिकवले. तिथे घरोघरी सारखा चमचा नव्हता, म्हणून माप ठरले हाताचे : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. आणि मला सर्वांत भावले ते पुढेच आहे. शिकवणाऱ्या बाईचा पगार तिने किती घरे केली यावर नव्हता. नंतर दुसरे कोणी त्या घरी जाऊन, आईच्या काय ध्यानात राहिले ते विचारी आणि त्यावर पगार ठरे. भगिनींनो, शिकवणाऱ्याची परीक्षा शिकणाऱ्याने द्यायची, हा न्याय मला फार पटला.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली निघाले, त्यात हजार पाकक्रिया. कमलाबाई ओगले आपल्या शेजारच्या कुंडलच्या. शाळा चौथीपर्यंत. सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या आणि १९७० साली 'रुचिरा' लिहिले. वाटी-चमच्याची मापे दिल्यामुळे नव्या सुनेलाही ते पुस्तक उघडून स्वयंपाक करता आला. आणि त्याच कुंडलजवळ किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमिनीत विष भिनते म्हणून शेतकरी तो घेईनात. नुसता माल चांगला असून भागत नाही, तो समजावून सांगावा लागतो. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची अवजारे आणि त्यांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी. त्यातूनच पुढे मोठे मासिक उभे राहिले.

आता माझ्याच घरचे सांगते. सासूबाईंची कांदा-लसूण चटणी सबंध गल्लीत नावाजलेली. प्रमाण विचारले की म्हणायच्या, "अंदाजानं घालायचं गं." मीही कधी वही काढली नाही. त्या गेल्या आणि अंदाज त्यांच्या हाताबरोबर गेला. आज माझी चटणी चांगली होते, पण ती त्यांची होत नाही. म्हणून मुलींना पहिला धडा हाच देते : करणारीच्या हातात जे आहे ते कागदावर आणा. ती मूठ घालते तेव्हा मूठ तिथेच थांबवा, वाटीत ओता, मोजा, लिहा. मग तिला पुढे जाऊ द्या.

दुसरा धडा, क्रम. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला उद्यमनगरातल्या एका कारखानदाराने घरगुती पिठाच्या गिरणीचा माहितीकागद लिहायला दिला. तिने सुंदर लिहिला. मी लाल पेन घेऊन चार ठिकाणी खोडले. ती रडवेली होऊन गेली आणि दोन गुरुवार आलीच नाही. तेव्हा माझे मला उमगले की, खोडून दाखवल्याने मूल शिकत नाही, हिरमुसते. मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. पुढच्या गुरुवारी मी पेन बाजूला ठेवले आणि आमच्या जाऊबाईंना गिरणीपुढे बसवून म्हटले, "यात लिहिलंय तसं करा, आम्ही बोलणार नाही." कागदात होते, 'जाळीजवळचे पीठ हाताने काढावे. तत्पूर्वी बटण बंद करून पिन काढावी.' जाऊबाईंनी पहिले वाक्य वाचले आणि गिरणी चालू असतानाच हात पुढे नेला. त्या मुलीनेच झडप घालून त्यांचा हात धरला. मी एक शब्दही बोलले नाही. तिने मुकाट्याने कागद ओढला आणि धोक्याची ओळ वर घेतली. ती गोष्ट ती जन्मात विसरणार नाही, आणि माझे लाल पेनही त्या दिवसापासून कपाटात आहे.

तिसरे, शब्द. कारागीर ज्याला व्हॉल्व्ह म्हणतो त्याला आपण झडप लिहिले, तर शब्द मराठी होतो पण काम अडते. आधी कारखान्यात जाऊन ऐकावे, मग लिहावे. मात्र शास्त्रीय माहितीसाठी मराठी विश्वकोशासारखा आधार हाताशी असावा. मराठीतून विज्ञान लिहू पाहणाऱ्यांसाठी मराठी विज्ञान परिषदही १९६६ पासून काम करीत आहे, हे मुलींना सांगत जावे.

चौथे, मोबदला. गिरणीच्या त्या कागदाचे पैसे मागायला मुलगी लाजली. "चार ओळी तर लिहिल्या," असे ऐकावे लागले आणि हाती काही आले नाही. ब्लाउज शिवला तर आपण शिलाई देतो. मग जो कागद वाचून माणसाचा हात शाबूत राहतो, त्याची मजुरी का नको? आता मी मुलींना सांगते, काम घेण्यापूर्वी दर ठरवा, किती वेळा बदल करून देणार ते ठरवा, आणि केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत फाइलला लावा. त्याच मुलीने पुढे हीच फाइल घेऊन पुण्याला मुलाखत दिली. तिथे तिला विचारले, "हे बरोबर आहे हे कशावरून?" तिने जाऊबाईंची हकीकत सांगितली. आज ती तिथे नोकरी करते आणि सुटीत आली की गुरुवारी माझ्या ओट्याशी बसून धाकट्या मुलींचे कागद पाहते. लाल पेन तीही वापरत नाही.

मंडळाला माझी विनंती एवढीच. आपल्यापैकी प्रत्येकीच्या हातात काहीतरी आहे. कोणाची चटणी, कोणाचे शिवण, कोणाचे बाळंतिणीचे औषधपाणी. महिन्यातून एक गुरुवार या मुलींना द्या. त्या विचारतील तेव्हा "अंदाजानं" म्हणू नका. त्यांनी लिहिलेले वाचून त्यांच्यासमोर काम करून दाखवा आणि कुठे अडलात ते न लाजता सांगा. त्यासाठी शिक्षण लागत नाही. त्या आजींना तर वाचताही येत नव्हते. कागद सुनेने वाचून दाखवला होता. पण "कंचा चमचा?" हा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि माझ्या लिहिण्याच्या खऱ्या गुरू त्याच, असे मी मानते.