गाव पाहावे आकड्यांतून
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



स्नेहसंमेलनाच्या आनंदात आकडे काढून बसणे म्हणजे पंगत मांडली असता हिशेबाची वही उघडण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहो. तथापि गावाकडे ज्ञातिगृह बांधण्याचा ठराव आज सभेपुढे यावयाचा आहे, आणि त्यासाठी लागणारा निधी आपल्या वडिलांनी गिरण्यांतून व कचेऱ्यांतून राबून, पोटाला चिमटा घेऊन साठविलेला आहे. त्याचा विनियोग करण्यापूर्वी गावाची स्थिती नीट पाहणे हे आपले कर्तव्य होय. गतवर्षी ही सूचना आली तेव्हा तिला अनुमोदन देणारे आम्हीच होतो, हेही आरंभीच कबूल करतो.

आपण मुंबईकर मंडळी गावी जातो ती गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. त्या दिवसांत घरे माणसांनी भरलेली असतात, आणि गाव बारमाही असेच असते असा आपला ग्रह होतो. खानेसुमारी निराळे सांगते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. याच दहा वर्षांत सबंध महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढली होती.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्यात हे प्रमाण ९२९ होते. यावरून तेथे मुली अधिक जन्मतात असे कोणी समजू नये. सहा वर्षांखालील मुलांत हेच प्रमाण हजाराच्या खाली आहे. अर्थ उघड आहे : कर्ते पुरुष बाहेर पडले, मागे स्त्रिया राहिल्या. एकच आकडा वाचला तर फसगत होते; दोन शेजारी ठेवले की खरी हकीगत कळते.

कै. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत पुणे शहराची पाहणी करविली. तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यासाठी विद्वानांची संस्था लागली. आज खानेसुमारीची जिल्हा पुस्तिका आपल्या मुलांच्या हातातील फोनवर विनामूल्य उघडते. तीत प्रत्येक गावास स्वतंत्र क्रमांक आहे. शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता यांपैकी काय गावात आहे, आणि जे नाही ते पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहाच्या दरम्यान की दहाच्या पुढे आहे, हेही तीत नोंदलेले आहे. शाळांच्या अकरा अंकी यूडायस क्रमांकावरून पटावरील मुले, शिक्षक व स्वच्छतागृहे यांची माहिती मिळते.

गेल्या दिवाळीत आम्ही आमच्याच गावाची नोंद उघडली. उच्च माध्यमिक शाळेच्या रकान्यात ‘दहा किलोमीटरच्या पुढे’ असे चिन्ह होते. ते पाहून आम्ही गावी गेलो व चौकशी केली. दहावी झालेल्या मुलींपैकी कित्येकींचे शिक्षण तेथेच थांबले होते. कारण सायंकाळची एस. टी. चुकली तर मुलीने परतावे कसे, याचे उत्तर आईबापांपाशी नव्हते. आमच्या चुलतघरातील एक मुलगीही त्यांत होती. दर मे महिन्यात आम्ही तिच्या हातचा चहा घेत आलो. परंतु ती कॉलेजात का जात नाही, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नव्हते. जे डोळ्यांनी दिसले नाही, ते एका रकान्याने दाखविले.

येथे दोन इशारे देणे अवश्य आहे. पुस्तिकेतील आकडे २०११ चे आहेत. मध्यंतरी शाळा निघालेली किंवा बंद पडलेली असू शकेल. म्हणून आकड्याने प्रश्न सुचवावा आणि उत्तर गावात जाऊन शोधावे. दुसरे असे की, १९५१ पासून २०११ पर्यंतच्या खानेसुमारीत अनुसूचित जाती व जमाती वगळता जातवार गणना झालेली नाही. त्यामुळे आपल्या ज्ञातीचा हिशेब तीत सापडणार नाही. तो आपल्या कुटुंबनोंदीवरूनच काढावा लागेल. मात्र कोणाचे उत्पन्न, कोणाचे दुखणे, कोणाच्या मुलीचे वय या गोष्टी चव्हाट्यावर मांडू नयेत. गावागणिक बेरीज पुरेशी आहे. नावे वहीतच राहावीत.

२०२१ ची खानेसुमारी त्या साली झाली नाही. जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील गणनेचा संदर्भदिन आपल्या प्रांतासाठी १ मार्च २०२७ ठरविला असून तीत जातीचीही नोंद व्हावयाची आहे. आपण जेथे राहतो तेथेच आपले नाव नोंदवावे. गावच्या मायेपोटी मुंबईकराने गावच्या घरात नाव घातले, तर गाव भरल्याचा भास होईल आणि मागे राहिलेल्यांची गरज झाकली जाईल.

आमची विनंती एवढीच की, ज्ञातिगृहाचा ठराव फेटाळू नये, तीन महिने तहकूब ठेवावा. तेवढ्या अवधीत प्रत्येक तालुक्यातील दोन तरुणांनी व दोन भगिनींनी आपापल्या गावांची नोंद काढावी, गावी जाऊन ती पडताळावी आणि एका कागदावर सभेपुढे मांडावी. ज्ञातिगृहाचीच गरज अधिक ठरली, तर पहिली वीट आम्ही आनंदाने उचलू. परंतु तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे वसतिगृह हवे असे ठरले, तर अनुमोदन मागे घेण्यात आम्हांस कमीपणा वाटणार नाही. वडिलांनी पैसा साठविला तो विचारपूर्वक. तो खर्चही विचारपूर्वकच व्हावा.