टीव्हीवरचा मेन्यू आणि गल्ल्यावरचा माणूस

हा कार्यक्रम बघणाऱ्यांत इंदूरची मंडळी असतात, हैदराबादची असतात, बेंगळुरूची असतात. मी बडोद्याची. दांडिया बाजाराच्या बाजूला आमच्या काकांचं नाश्त्याचं छोटं दुकान आहे. सेवउसळ, मिसळ, पोहे, थालीपीठ, उपवासाचे पदार्थ. मी स्वतः शाळेत संगणक शिकवते, त्यामुळे दुकानातल्या टीव्हीवर मेन्यू लावायचं काम माझ्याकडे आलं. ते घरच्या घरी कसं केलं ते आज सांगते. ज्यांचं स्वतःचं दुकान, खानावळ किंवा पोळी-भाजी केंद्र आहे त्यांच्या हे थेट उपयोगाचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. टीव्हीवर मेन्यू लावला म्हणजे दुकान मोठं दिसतं, या कारणासाठी हे करू नका. आमच्याकडे आधी फळा होता. साबुदाणा वडा संपला की काका गल्ल्यावरून उठायचे, ओल्या फडक्यानं ती ओळ पुसायचे आणि परत येऊन बसायचे. दहा सेकंदांचं काम. फळ्याची ही ताकद फार मोठी आहे, आणि टीव्ही आला की नेमकी तीच जाते. मेन्यू मग लॅपटॉपवाल्याच्या हातात जातो. आम्ही एका एजन्सीला विचारलं होतं. दर महिन्याला भाडं, आणि भाव बदलायचा तर निरोप पाठवायचा, ते त्यांच्या सोयीनं बदलणार. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या दुकानात काय मिळतं हे मी त्यांना विचारायचं का?" त्या प्रश्नावरच आम्ही घरी बनवायचं ठरवलं. त्यामुळे माझी अट पहिल्यापासून एकच होती. काकांना माझ्याशिवाय चालवता आलं पाहिजे. मी शाळेत असते तेव्हा दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते.

आता कामाचं बोलू. आमचा टीव्ही ४३ इंची आहे, साधा, घरगुती. अशा पडद्याची उंची साधारण साडेत्रेपन्न सेंटिमीटर. चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं करायचं. म्हणजे उभ्या एका इंचात पन्नासेक पिक्सेल येतात. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब आहे: दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं. आमच्या रांगेचं शेपूट पडद्यापासून साधारण दहा फुटांवर असतं. तेव्हा अक्षराचा मधला भाग, मात्रा-वेलांट्या सोडून, पन्नास पिक्सेल. इथे इंग्रजी नमुने बघून चालत नाही. आपल्या लिपीत वर रफार आणि वेलांटी, खाली उकार. ओळी जवळ आणल्या की 'थालीपीठ'ची वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन चिकटते. म्हणून एका ओळीला मी एकशे वीस पिक्सेल सोडते.

टीव्हीची आणखी एक खोड आहे. बरेच टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात. सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असा काहीतरी पर्याय असतो, तो चालू करा. तरीही चारी बाजूंनी पाच टक्के जागा मोकळी सोडा, नाहीतर किमतीचा शेवटचा शून्य कापला जाईल आणि पन्नासची मिसळ पाचला मागायला लोक येतील. मोकळी जागा गेली, वर दुकानाचं नाव गेलं, की उरल्या सात ओळी. दोन रकाने केले तर चौदा पदार्थ.

आमच्या छापील कार्डावर एकतीस होते.

खरं भांडण इथे झालं, आणि ते संगणकाचं नव्हतंच. कोणते चौदा? माझं म्हणणं सरळ होतं, जे सगळ्यात जास्त खपतं ते घ्या. काकांनी ते उलटं केलं. म्हणाले, "अगं, जो रोज येतो तो वर बघतच नाही. तो आत शिरताना बोट दाखवतो. वर बघतो तो नवा माणूस." हे ऐकल्यावर मी दोन दिवस सकाळी दुकानात नुसती उभी राहिले, आणि खरंच, नेहमीचं गिऱ्हाईक मेन्यूकडे बघत नाही. कलाभवनात शिकायला आलेली पोरं बघतात, कुणाचे पाहुणे बघतात, स्टेशनवरून आलेला माणूस बघतो. त्यांना पोहे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण आमची सेवउसळ म्हणजे वाटाण्याची उसळ, वरून शेव, तरी वेगळी मागायची, पाव सोबत, हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगण्यात गल्ल्यावर वेळ जातो. म्हणून पडद्यावर सेवउसळीला दोन ओळी मिळाल्या आणि पोह्यांना एक, खप पोह्यांचा जास्त असूनसुद्धा.

काकूंचं थालीपीठ हा दुसरा तंटा. ते पडद्यावर मोठ्ठं हवं असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं, कारण तसं थालीपीठ जवळपास कुठे मिळत नाही. पण थालीपीठाला तवा अडकतो. सकाळी साडेआठला चार जणांनी थालीपीठ मागितलं तर मागचे वीस जण खोळंबतात. शेवटी काकूंनीच निकाल दिला, "सकाळी मला तिथे लिहूच नका." म्हणून आमच्याकडे सकाळचा पडदा वेगळा आणि दुपारी तीननंतरचा वेगळा. थालीपीठ दुपारी येतं, मोठ्या अक्षरात, फोटोसकट. मेन्यूत काय लिहायचं हे स्वयंपाकघराच्या हातांवर आणि शेगड्यांवर ठरतं, चित्राच्या सुंदरपणावर नाही. एजन्सीला हे कळायचं काही कारण नव्हतं. तिथे काकू नव्हत्या ना.

आता चित्र बनवायचं कशात? मी लिब्रेऑफिस इम्प्रेस वापरते, फुकट आहे. पानाचा आकार १६:९ घ्यायचा, मजकूर टाकायचा आणि चित्र म्हणून बाहेर काढायचं. बाहेर काढताना आकडे नीट बघा. प्रेझेंटेशनची सॉफ्टवेअर पुष्कळदा लहान चित्र देतात आणि मग टीव्हीवर अक्षरं पुसट दिसतात. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे दोन मोकळे फॉन्ट आहेत, फुकट मिळतात. दोन्हींची गुजराती भावंडंही आहेत, त्यामुळे दोन लिप्या शेजारी बसवल्या तरी विजोड दिसत नाहीत. आमच्याकडे पदार्थाचं नाव आधी गुजरातीत, खाली बारीक देवनागरीत. काही मराठी मंडळींना हे खटकलं. पण दुकान बडोद्यात आहे आणि नव्या गिऱ्हाइकाला पटकन वाचता यायला हवं. किमतीचे आकडे मात्र इंग्रजीच ठेवले, कारण विद्यापीठात देशभरातून मुलं येतात आणि ते आकडे सगळ्यांना येतात. तुम्ही बेंगळुरूत असाल तर कन्नड वर घ्या, हैदराबादेत तेलुगू.

जुनी मेन्यूकार्डाची डीटीपी फाईल असेल तर तिच्यातून मजकूर उचलायला जाऊ नका. ती बहुधा युनिकोडमध्ये नसते, दुसरीकडे चिकटवली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतात. चौदा नावं परत टाइप करणं सोपं.

फोटो एकच ठेवा, आणि तो तुमच्याच प्लेटचा. दुपारी खिडकीजवळ प्लेट ठेवून मोबाइलनं काढा. नेटवरून उचललेल्या फोटोत कोथिंबीर ढीगभर असते आणि तो फोटोही दुसऱ्याच्या मालकीचा. गिऱ्हाईक पडदा आणि प्लेट यांची तुलना करतंच.

रंगाचं म्हणाल तर काळी पार्श्वभूमी लॅपटॉपवर भारी दिसते. आमचं दुकान पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन आत येतं तेव्हा चकचकीत काळा पडदा आरशासारखा होतो. फिकट पिवळसर पार्श्वभूमी आणि गडद अक्षरं, हे उजेडात बरं वाचता येतं. आणि टीव्ही कढईच्या वर लावू नका. वाफ, तेल, दोन्ही त्याचे वैरी. दिवसभर चालवणार असाल तर वॉरंटीच्या कागदावर 'घरगुती वापरासाठी' अशी अट आहे का तेही वाचून घ्या.

पडदे फिरते ठेवायचे की स्थिर? स्थिर. हे मी ठामपणे सांगते. तीन चित्रं दहा-दहा सेकंदांनी फिरवली, तर ज्याचं एक चित्र चुकलं तो वीस सेकंद नुसता वर बघत उभा राहतो, आणि त्याच्या मागची रांगही. हलणारी वाफ, उडणारी मिरची, हे सगळं मोठ्या मॉलमध्ये ठीक.

आता काकांचा भाग. मी तीन चित्रं केली: सकाळ, दुपार आणि उपवास. सकाळचा मथळा पिवळा, दुपारचा हिरवा, उपवासाचा जांभळा. तिन्ही पेन ड्राइव्हवर. तो एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला की बहुतेक टीव्ही वाचतात. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला, फोटो उघडले की तीन छोटी चित्रं दिसतात. काका रंग बघून रिमोटनं निवडतात. एकादशीला जांभळं, चतुर्थीला जांभळं, श्रावणी सोमवारी जांभळं. फाईलचं नाव वाचायची गरजच नाही. टीव्हीतलं आपोआप बंद होण्याचं सेटिंग तेवढं शोधून काढा. बऱ्याच टीव्हींमध्ये रिमोटला काही तास हात लागला नाही की पडदा बंद होतो, आणि तो बरोबर गर्दीत होतो.

इंटरनेटवर मेन्यू ठेवून फोनवरून बदलायचा मार्गही आहे. गुगल स्लाइड्समध्ये पान प्रकाशित करा, टीव्हीवर ते उघडा, बदल केला की काही मिनिटांत दिसतो. मी करून बघितलं, चालतं. पण आमच्या गल्लीत नेट जातं, आणि नेट गेलं की भिंतीवर मेन्यूऐवजी इंग्रजीत चुकीचा संदेश. पेन ड्राइव्हला असा प्रश्न येत नाही.

राहिला तो पुसायचा प्रश्न. संपलेला पदार्थ कसा काढायचा? त्याचं उत्तर टीव्हीत नाही. टीव्हीच्या खाली आम्ही शाळेतली पाटी टांगली आहे. वर 'आज संपलं' एवढं रंगवलेलं, खाली खडूनं काका लिहितात. टीव्हीवर चौदा पदार्थ, पाटीवर त्यातले वजा. बघणाऱ्याला एका नजरेत दोन्ही दिसतं. एका विद्यार्थ्यानं विचारलं, एवढा टीव्ही लावला आणि खाली पाटी? काकांनी त्याला पोहे देता देता सांगितलं, "टीव्हीला माहीत नाही, वडे किती राहिलेत ते."

भावाबद्दल एक सांगते. रंगवलेल्या फलकावर भाव बदलायला पेंटर बोलवावा लागायचा, म्हणून माणूस दहादा विचार करायचा. टीव्हीवर बदलणं इतकं सोपं की तेल महागलं, वाढवा पाच रुपये. आम्ही नियम केला आहे: भाव वाढणार असेल तर चार दिवस आधी पाटीवर लिहायचं. पडद्यावरचा आकडा आणि घेतलेले पैसे यांत एक रुपयाचाही फरक नको. काका जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत. त्या योजनेतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. म्हणून पडद्याच्या तळाला आम्ही लिहिलं आहे, 'हाच भाव, वर काही नाही.' तुम्ही साध्या नोंदणीत असाल आणि बिलात कर लावत असाल तर तसं पडद्यावर स्पष्ट लिहा. बिल बघून चिडलेला माणूस परत येत नाही.

अजून एक मला नेहमी विचारतात, पदार्थापुढे कॅलरी लिहायच्या का? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत ती सक्ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना आहे. एका दुकानाच्या काकांना नाही. शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही देत असाल तर खुणा मात्र ठेवाच, लोक त्या आधी शोधतात.

पेन ड्राइव्हच्या दोन प्रती करा. एक टीव्हीला, दुसरी गल्ल्यात, सुट्या नाण्यांच्या खणात. चित्रांची मूळ फाईल घरातल्या आणखी एकाला तरी उघडता आली पाहिजे. आमच्याकडे ती आता काकूंनाही येते. गेल्या महिन्यात दुपारच्या पडद्यावर थालीपीठाचं अक्षर आणखी थोडं मोठं झालेलं दिसलं, आणि ते मी केलेलं नव्हतं.