आधी पाणी, मग सोडा



जेवताना पदरावर कालवण सांडतं. हळदीचा पिवळा डाग पडतो. आपण साबण लावतो, तर डाग लालभडक! भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. साबण अल्क आहे, हे हळद आपल्याला अशी रंगातून सांगते. त्याच लाल डागावर लिंबू पिळलं तरी तो पिवळा होतो, कारण लिंबू आम्ल आहे. चिंच, ताक, व्हिनेगर ही आम्लं. चुना, राख, धुण्याचा सोडा हे अल्क.

यांचा स्वभाव कळतो तो पाण्यात. लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा अगदी कोरडे एकत्र ठेवले तर गप्प बसतात. चमचाभर पाणी पडलं की फसफसतात. पाण्यात आम्लातून हायड्रोजनचे कण मोकळे होतात. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कातून हायड्रॉक्साइडचे कण सुटतात. हे दोन्ही भेटले की त्यांचं पाणी होतं आणि उष्णता बाहेर पडते.

माती परीक्षणाच्या कागदावर ‘सामू’ लिहिलेला असतो ना, ती याचीच मोजपट्टी. 7 म्हणजे मधोमध. खाली आम्ल, वर अल्क. एक पायरी म्हणजे दहापट फरक. लिंबाचा रस साधारण 2, साबणाचं पाणी 9 ते 10, आणि कॉस्टिक सोड्याचं दाट पाणी थेट 14 च्या आसपास.

हे आम्ही शिकलो ते एका चुकीतून. आमचा बचत गट धुण्याचा साबण करतो. एकदा घाईत कॉस्टिक सोडा आधी पातेल्यात ओतला आणि वरून तांब्याभर पाणी टाकलं. सोडा विरघळताना खूप तापतो. थोड्या पाण्यात ती उष्णता मावेना. पाणी तडतडून उसळलं आणि आमच्यातल्या एकीच्या मनगटावर उडालं.

कुणी लिंबू आणायला धावलं. वाटलं, अल्कावर आम्ल टाकलं की संपलं! आशाताईंनी अडवलं. भाजलेल्या कातडीवर लिंबू पिळलं तर दोन्ही मिळून आणखी उष्णता होते, जखम वाढते. त्यांनी बांगड्या काढल्या, हात नळाखाली धरला आणि वीस मिनिटं हलवू दिला नाही. मग दवाखान्यात नेलं. हात बरा झाला, डाग राहिला.

तेव्हापासून आमच्या भिंतीवर लिहिलंय: आधी पाणी, मग सोडा. गार पाण्यात थोडा थोडा सोडा सोडायचा, ढवळत राहायचं. ॲसिडचंही तसंच: ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. हातमोजे आणि चष्मा घालायचाच. डोळ्यात उडालं तर लगेच पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा.

आणखी एक. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. खोकला, डोळ्यांची जळजळ सुरू झाली, तर बादली तिथेच सोडून मोकळ्या हवेत या.

आणि ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. लेकरू तहानेनं ती तोंडाला लावतं. तसं झालंच तर उलटी काढू नका. वर येताना ते पुन्हा जाळत येतं. तोंड धुवा आणि बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालयात जा.

पुढच्या बैठकीत हळदीचं पाणी करून एका वाटीत साबण, दुसरीत लिंबू घालून पाहा. मुलींनाही दाखवा. आणि घरी गेल्यावर मोरीतल्या बाटल्या आधी उंचावर ठेवा.