मुखपृष्ठावरची चांदबीबी

कवितासंग्रहाला मुखपृष्ठ हवं होतं आणि चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते. मराठी कवीची नेहमीचीच रड. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्र सर्वांसाठी खुलं होतं. मग मी आमच्या नगरची चांदबीबीच शोधली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे १७०० सालचं एक दख्खनी चित्र आहे. ससाणा घेऊन शिकारीला निघालेली, घोड्यावरची चांदबीबी! हक्क संपलेल्या अशा चित्रांच्या प्रती हे संग्रहालय २०१७ पासून कोणालाही, अगदी व्यवसायासाठीसुद्धा, फुकट वापरू देतं. परवानगीचं पत्रही लागत नाही.

पण चांदबीबी गेली १६०० च्या सुमारास. म्हणजे चित्रकाराने तिला पाहिलंच नव्हतं; हा चेहरा कल्पनेतला. आम्ही नगरकर नाही का, शाह डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला खुशाल ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो!

प्रकाशक म्हणाले, “चित्र फुकटचं, मग तपशील कशाला?” मी ऐकलं नाही. आतल्या पानावर अंदाजे साल, संग्रहालयाचं नाव आणि ‘काल्पनिक चित्र’ असं छापून घेतलं. ‘चित्रकार अज्ञात’ हे दोन शब्द तेवढे पुन्हा पुन्हा गळत होते. त्यांच्यासाठी मुद्रितं दोनदा परत पाठवली.